रिकामा रकाना

दातांच्या दवाखान्यात मी चोवीस वर्षं पुढच्या टेबलाशी बसते, आणि या चोवीस वर्षांत अर्धवट भरलेला एकही फॉर्म मी आत जाऊ दिलेला नाही. नाव, वय, पत्ता, फोन, मेल, कुठल्या औषधाची ॲलर्जी, जवळच्या नातेवाइकाचा नंबर. लोक गाल धरून कण्हत असतात आणि म्हणतात, "बाई, दात ठणकतोय हो, हे सगळं कशाला?" मी पेन पुढे सरकवते. रिकामा रकाना दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते, त्याला माझा इलाज नाही. डॉक्टरीणबाई माझ्या पाठीमागे मला 'जनगणना' म्हणतात. म्हणोत बापड्या.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या सवयीपायी झालं.

शनिवारी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर मेलचं नवं अपडेट आलं आणि मंगळवारपर्यंत आमची पार शोभा झाली. एका आजोबांची कवळी तयार झाल्याचा निरोप त्यांच्या सोळा वर्षांच्या नातवाला गेला. एका बाईंना अक्कलदाढ काढायला या म्हणून कळवलं, तर त्यांचा नवरा येऊन बसला, आणि त्याला त्याची दाढ अजिबात काढायची नव्हती. मी कॉन्टॅक्टची यादी उघडून पाहिली तर तेराशे चाळीस माणसांची अकराशे बारा झालेली. सव्वादोनशे माणसं कुठे गेली कोणास ठाऊक. डॉक्टरीणबाई खुर्चीवरच्या पेशंटच्या तोंडात आरसा तसाच ठेवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज काहीही करा, पण हे निस्तरा."

त्याच मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, दवाखाना उघडल्या उघडल्या, मी आणखी एक काम उरकलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नव्या खोलीचा करारनामा मेलने पाठवला होता.

धाकटी तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी आणि लेकीला घेऊन. नवरा आमच्या घरात जावईबापूच होता. मी कौतुकाने म्हणायचे, आई तर त्याच्यापुढे जास्तच कौतुकाने. त्याचा आवाज नऊ वर्षांत कधी चढला नाही. तो हळू बोलायचा, प्रत्येकाला 'अहो' म्हणायचा, आणि धाकटीचे हात सारखे कुठे ना कुठे भाजलेले असायचे. स्वयंपाकात लक्ष नसतं तिचं, असं तो हसून सांगायचा आणि आम्हीही हसायचो. ते हसू आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खोली माझ्या नावावर घेतली होती, म्हणून करारनामा माझ्याकडे आला. भाचीच्या शाळाप्रवेशाला पत्त्याचा पुरावा हवा होता. मी यादीत 'धाकटी' शोधलं, नावावर क्लिक केलं, कागद जोडला, पाठवला. मेल वाचल्याची पोचपावती मागायची खूण मी नेहमीच करते, तीही केली. दहाच्या सुमाराला पावती आली. 'धाकटी यांनी आपला मेल वाचला, ९ वाजून ५२ मिनिटे.' मला बरं वाटलं. मग मी चहा घेतला.

सव्वाअकराला मी मदतकेंद्राला फोन लावला. पंधरा मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक माणूस आला. त्याला सडकून सर्दी झालेली होती, प्रत्येक वाक्यानंतर तो नाक ओढत होता.

"तुमचा स्क्रीन मला दिसू द्याल का, मॅडम? 'परवानगी' म्हणून येईल, त्यावर क्लिक करा."

मी केलं. माझ्या स्क्रीनवर दुसरा एक बाण फिरायला लागला. आपल्या घरात कोणी परकं माणूस चपला घालून फिरावं तसं मला झालं.

"मॅडम, तुमची माणसं कुठे गेलेली नाहीत," तो म्हणाला. "ती जोडली गेलीयत. दोन कार्डांवर एकच फोन नंबर असेल ना, तर हे अपडेट समजतं की माणूस एकच आहे. मग दोघांचं मिळून एकच नाव दाखवतं. तुमच्याकडे अख्ख्या कुटुंबाला घरचा एकच नंबर दिलेला दिसतोय."

"मग? घरचा नंबर घरच्या सगळ्यांचाच असणार ना!"

"बरोबर आहे तुमचं. पण त्याला कसं कळणार? आणि त्यातून घोळ असा, की नाव नव्या कार्डाचं दिसतं आणि मेल जातो जुन्या कार्डाच्या पत्त्यावर. आमच्याकडे सकाळपासून याच तक्रारी चालल्यायत. कार्डं सुटी करता येतात. ओळखीचं एखादं कार्ड उघडा, मी दाखवतो."

मी 'धाकटी' उघडलं. सकाळचंच नाव होतं, वर दिसत होतं, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

"आता खाली जा. 'जोडलेली कार्डं' म्हणून आहे बघा. दोन दिसतायत. एक हे धाकटी, आणि दुसरं..." त्याने नाक ओढलं. "जावईबापू."



लग्नानंतर धाकटीला स्वतःचा मेल नव्हता. नवऱ्याच्याच पत्त्यावर तिचीही पत्रं यायची, तो आधी वाचायचा. म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी ते कार्ड 'जावईबापू' या नावाने केलं होतं आणि त्यात त्यांच्या घरचा फोन नंबर घातला होता. परवा धाकटीने नवा मेल उघडला, त्याचं मी नवं कार्ड केलं. तिने बजावलं होतं, "ताई, माझा नवा मोबाइल नंबर कुठेही लिहायचा नाही. कुठेही म्हणजे कुठेही." मी नाही लिहिला. पण फोनचा रकाना रिकामा राहिला. आणि रिकामा रकाना मला बघवला नाही. मग मी तिथे काय लिहिलं? तिच्या सासरचा जुना नंबर. काहीतरी असावं म्हणून.

"मॅडम? ऐकताय ना?"

"मी सकाळी हिला मेल पाठवला," मी म्हणाले. "तो कोणाकडे गेला?"

बाण 'पाठवलेले' वर गेला, सकाळच्या मेलवर थांबला, नावावर आला. नावाखाली बारीक अक्षरांत पत्ता उलगडला. तो नवा नव्हता. आतल्या खोलीत ड्रिलचा आवाज चालू होता आणि तो माझ्याच कवटीत चालल्यासारखा वाटत होता.

"परत घ्या," मी म्हणाले. "तो मेल परत घ्या."

"मॅडम, गेलेला मेल परत नाही घेता येत."

"अहो, काहीतरी करा! त्यात पत्ता आहे! त्याच्यापासून पळून आलीय ती, पोरगी घेऊन!"

या वेळी त्याने नाक ओढलं नाही, कागदावरचं वाचल्यासारखंही बोलला नाही. "पोचपावती आलीय ना? किती वाजताची आहे?"

"नऊ बावन्न."

"आणि तो राहतो किती लांब?"

"गाडीने तीन तास."

"म्हणजे पावणेएक, एक," तो म्हणाला. "आता अकरा चाळीस झालेत. फोन ठेवा, मॅडम. पोलिसांना कळवा आणि निघा. कार्डांचं मी बघतो."

धाकटीला फोन लावला, तो बंद. ती एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या विभागात लागली होती, तिथे कामावर शिरताना फोन कपाटात ठेवून घेतात, एकला सुटल्यावर देतात. विभागाचा नंबर लावला तर नुसता वाजत राहिला. आणि खोलीवर भाची एकटी होती. आठ वर्षांची. शाळा सुरू झालेली नव्हती, म्हणून नऊ ते एक ती आतून कडी लावून बसायची, आवाज न करता. तिचं लाडाचं नाव बटण. रांगायची तेव्हा सगळ्यांच्या शर्टाची बटणं चावायची म्हणून.

मी डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं मला आठवत नाही. त्यांनी हातमोजे न काढताच माझी पर्स माझ्या खांद्याला अडकवली एवढं आठवतं.

टॅक्सीतून पोलिसांना फोन केला. पलीकडच्या माणसाने माझं नाव, वय, पत्ता, तक्रार आधी नोंदवली आहे का, कधी, कोणत्या चौकीत, असं एकेक विचारायला सुरुवात केली. पत्ता परत सांगा म्हणाला. वय परत सांगा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, मरू देत रे तुझे रकाने. शेवटी तो म्हणाला, "माणूस पाठवतो." केव्हा ते नाही म्हणाला.

रस्ता खणून ठेवलेला होता. टॅक्सीवाला प्रत्येक खड्ड्याला मान देत चालला होता. मी दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मग फुटपाथवर एक चाक चढवून गाडी काढली. मी समोरून येणारी प्रत्येक राखाडी गाडी बघत होते. त्याची गाडी राखाडी होती. जगात एवढ्या राखाडी गाड्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

साडेबाराला पोचले. टायरच्या दुकानावर तिसरा मजला. जिने न थांबता चढले. दार वाजवलं.

"बटण, मी आहे. मावशी. दार उघड."

आतून हू की चू नाही.

मग मला आठवलं. धाकटीने खूण ठरवून दिली होती. आवाज कोणीही काढेल, म्हणून बटणने फक्त एका उत्तरावर दार उघडायचं: तिचे किती दात पडले. हे बाहेरच्या कोणाला ठाऊक असायचं कारण नाही, आणि मला तर ठाऊक असणारच. तिचं कार्ड मीच दवाखान्यात करून ठेवलं होतं, सगळे रकाने भरून.

"पाच!" मी म्हणाले.

दार उघडलं नाही. आत पावलं दारापासून मागे गेली.

"बटण, अगं पाचच! मी स्वतः लिहिलेत!" खाली रस्त्यावर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. जिन्याच्या खिडकीतून मी वाकून पाहिलं. समोरच्या फुटपाथला राखाडी गाडी उभी होती. तो बाहेर येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. एकदा फोनकडे बघत होता, एकदा इमारतीवरच्या आकड्याकडे. त्याला कसली घाई नव्हती. मग तो उजवीकडे डावीकडे बघून, नियमाने, रस्ता ओलांडायला लागला.

मी दाराला तोंड लावलं. रविवारी धाकटी फोनवर काय म्हणाली होती? वरचा एक हलतोय. सारखी जीभ लावते.

"सहा," मी म्हणाले. "सहा पडले."

कडी निघाली.

मला वाटलं होतं पोर रडेल, बिलगेल, काय झालं म्हणून विचारेल. तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि वळली. दाराच्या मागे पिशवी भरून ठेवलेली होती, ती खांद्याला घातली. बूट पायात होतेच. घरात, एकटी, सकाळपासून बूट घालून बसलेली. गॅस बंद आहे का ते पाहिलं, दिवा मालवला, आणि माझं बोट धरून मला स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या मागच्या दाराकडे नेलं. तिथून लोखंडी जिना खाली कचऱ्याच्या डब्यांपर्यंत जातो. तो मला माहीतही नव्हता.

"आधी पुढच्या दाराची कडी," ती कुजबुजली, आणि जाऊन लावून आली.

आम्ही लोखंडी जिन्याचं एक वळण उतरलो असू, तेवढ्यात वर, खोलीच्या पलीकडे, दार वाजलं. जोरात नाही. दोन बोटांनी, सभ्य माणूस वाजवतो तसं.

"बटण? अगं, बाबा आलेत. उघड राजा."

किती गोड आवाज. माझ्या घशातून काहीतरी निघणार होतं, किंचाळी की हुंदका मला माहीत नाही, आणि त्याच क्षणी एक लहानसा तळहात माझ्या तोंडावर घट्ट बसला. बटण वरच्या पायरीवर चढून उभी होती आणि माझं तोंड दाबून धरत होती. तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.

"ताई, तुम्ही आहात का आत?" आवाज आला. "जिन्याच्या खिडकीत दिसलात मघाशी. अहो ताई, तुम्हीच तर पत्ता पाठवलात. मग आता असं काय करताय?"

बटणने ते ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिची नजर चुकवली. मग तिने माझ्या तोंडावरचा हात काढला, ओठांवर बोट ठेवलं आणि पायरी कशी उतरायची ते मला दाखवलं: टाच नाही, आधी चवडा. मी बावन्न वर्षांची बाई त्या पोरीच्या मागून चवड्यांवर उतरले. वर दार दुसऱ्यांदा वाजलं, पहिल्याइतकंच हळू. तिसऱ्या वेळी ते वाजलं नाही. लाकूड तडकल्याचा आवाज आला, तोवर आम्ही डब्यांमधून मागच्या गल्लीत होतो.

धाकटीच्या हॉटेलच्या मागच्या फाटकाशी, धुतलेल्या चादरींच्या गाड्या येतात तिथे, आम्ही एक वाजेपर्यंत उभ्या राहिलो. वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. बटणने मला विचारलं नाही, की पत्ता खरंच तू पाठवलास का. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

धाकटी बाहेर आली, आम्हाला बघितलं आणि जागच्या जागी पांढरी पडली. मी सगळं सांगितलं. कार्डं, अपडेट, सर्दीवाला, सगळं. तिने एकच विचारलं.

"माझ्या कार्डावर त्या घरचा नंबर कशाला घातलास, ताई?"

"रकाना रिकामा होता गं," मी म्हणाले.

ती चिडली नाही. मला शिव्या घालायला हव्या होत्या, मी त्याची वाट बघत होते. तिने फक्त लेकीच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

मी तिला माझ्याकडे चल म्हणाले, आईकडे जा म्हणाले. ती नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं, ती दोन्ही दारं त्याला पाठ होती. हॉटेलमधली एक बाई आहे, तिची कोणीतरी नातेवाईक आहे, तिथे आजची सोय होईल, एवढंच सांगितलं. कुठल्या गावाला, कोणत्या गाडीने, काही नाही. बस स्टँडच्या कोपऱ्यावर तिने टॅक्सी थांबवायला सांगितली.

"तू इथूनच जा," ती म्हणाली. "गाडी कुठली ते बघू नकोस."

"अगं, निदान पोचलीस की..."

"मीच फोन करीन. ताई, तुझा जीव आहे आमच्यावर, मला ठाऊक आहे. पण यापुढचा पत्ता तुला नाही सांगणार मी." तिने माझ्या गालाला हात लावला, मनगटावरचा जुना डाग मला अगदी डोळ्यासमोर दिसला.

बटण उतरता उतरता माझ्या कानाशी आली. "मावशी, मला तुझा नंबर पाठ आहे," ती म्हणाली. "कुठेच लिहिलेला नाही." आणि दोघी गर्दीत गेल्या. मी मान खाली घालून बसले. ती बघू नकोस म्हणाली होती, म्हणून बघितलं नाही.

पोलीस दोन वाजता पोचले, असं नंतर कळलं. तुटलेलं दार, रिकामी खोली. तो केव्हाच गेला होता.

मी दवाखान्यात परतले तेव्हा वेटिंगमधली माणसं गेली होती. कॉम्प्युटर तसाच चालू होता. यादी परत तेराशे चाळीस झाली होती, एकूण एक कार्ड सुटं. सर्दीवाल्याने खाली दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: काम झालं आहे, आणि मॅडम, पोचलात का ते कळवलंत तर बरं वाटेल. त्याच्या खाली मदतकेंद्राची ठरलेली चौकट होती. 'तुमची समस्या सुटली का? हो किंवा नाही निवडा.' मी कशावरच क्लिक केलं नाही. त्याला मात्र लिहिलं, पोचले, तुमचे उपकार.

मग 'जावईबापू' काढून टाकलं. चोवीस वर्षांत मी काढलेलं पहिलं कार्ड. त्यानंतर 'धाकटी' उघडलं. सासरचा नंबर पुसला. खोलीचा पत्ता पुसला. तिचा नवा मेल पुसला, त्यावरून तिला कोणी शोधू शकतं की नाही मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना ठेवायचा नव्हता. नातेवाइकाच्या जागी माझं नाव होतं, तेही पुसलं. सगळे रकाने पांढरे झाले.

कॉम्प्युटरने विचारलं, 'या कार्डात फक्त नाव आहे. तरीही ठेवायचे?'

मी हो म्हणाले. आणि फोन समोर घेऊन बसले.